लयभंगातून ऊर्जा

संगणकाच्या सिलिकॉन-चकत्यांवर केसाच्या जाडीहून सहस्रपटींनी बारीक रेषा ज्या निर्वात कक्षांत कोरल्या जातात, तेथील विरळ वायू जेमतेम कोमट असतो; आणि तरीही त्याच वायूत संचार करणाऱ्या इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा तीस-पस्तीस हजार अंश तपमानाच्या तोडीची असते, हे प्रथम ऐकणाऱ्यास असंभाव्य वाटते. परंतु अशा कक्षांत वापरल्या जाणाऱ्या आर्गॉन वायूचा अणू इलेक्ट्रॉनाहून सुमारे 73,000 पट जड असल्यामुळे साध्या टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सरासरीने 36 हजारावा अंशच त्याच्या स्वाधीन करतो, हे लक्षात घेतले म्हणजे तपमानाचा हा भेद दीर्घकाळ कसा टिकतो ते उमगते. खरा बिकट प्रश्न खर्चाचा नसून जमेचा आहे: ही ऊर्जा इलेक्ट्रॉनाला मिळते कोठून आणि कशी?

विद्युत्क्षेत्रातून, हे उत्तर अपुरे आहे. या उपकरणांत बहुधा 13.56 मेगाहर्ट्‌झचे क्षेत्र वापरतात, म्हणजे त्याची दिशा सेकंदाला एक कोटी पस्तीस लक्ष साठ हजार वेळा मागेपुढे होते. अशा क्षेत्रात एकटा, निर्वेध इलेक्ट्रॉन ठेवला तर त्याचा वेग क्षेत्राच्या पाव आवर्तन मागे राहतो, आणि त्यामुळे एका पाव आवर्तनात घेतलेली ऊर्जा तो पुढच्या पाव आवर्तनात परत करतो; पूर्ण आवर्तनाचा हिशेब मांडावा, तर बाकी शून्य. ही लय मोडणारे काहीतरी मध्ये आल्याखेरीज त्याच्या पदरी काहीच पडत नाही. अणूशी झालेली टक्कर नेमके तेच करते: ती इलेक्ट्रॉनाची दिशा फिरविते, क्षेत्राशी असलेला त्याचा ताल तोडते, आणि तोवर उसनी असलेली ऊर्जा त्याच्या स्वैर गतीत कायमची जमा होते. टकरी फारच विरळ असल्या तर ताल तुटत नाही, फार दाट असल्या तर वेग वाढावयास सवडच मिळत नाही. म्हणून टकरींची वारंवारता क्षेत्राच्या कोनीय वारंवारतेइतकी असते तेव्हा हे ओहमीय तापन सर्वाधिक होते.

वायूचा दाब दहा मिलिटॉरपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे 76 हजाराव्या भागापर्यंत उतरविला, की मात्र दोन टकरींमधला पल्ला कक्षाच्या रुंदीशी बरोबरी करू लागतो. या हिशेबाने आयनद्रायू, म्हणजे कक्षातील हा आयनीभूत वायू, विझू लागावयास हवा. तो विझत नाही. 1970 नंतरच्या दशकारंभी मॉस्को येथे व्हालेरी गोड्याक यांनी या कोड्याचे उत्तर कक्षाच्या कडेला शोधले. विद्युत् अग्रांलगत इलेक्ट्रॉनांना दूर सारणारे, धन आयनांनी व्यापलेले एक आवरण असते आणि त्याची सीमा प्रत्येक आवर्तनात पुढे-मागे सरकते. समोरून येणाऱ्या फळीवर आदळलेला चेंडू अधिक वेगाने परततो व मागे हटणाऱ्या फळीवरून मंदावून, तसेच येथे घडते. आणि समोरासमोरच्या गाठी अधिक वेळा पडत असल्यामुळे एकूण लाभ इलेक्ट्रॉनाचाच होतो. विश्वकिरणांच्या ऊर्जेसाठी एन्‍रिको फेर्मी यांनी 1949 साली मांडलेल्या विचाराचेच हे भावंड होय. 1988 साली बर्कलीच्या मायकेल लिबरमन यांनी या आवरणाला सुसूत्र गणिती रूप दिले.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वाधिक मोह पडतो तो 1990 सालच्या एका मोजमापाचा. तोवर अमेरिकेत गेलेले गोड्याक आणि त्यांचे सहकारी पीजॅक यांनी आर्गॉनमधील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बारीक शोधतारेने मोजली, तेव्हा अल्प दाबाला इलेक्ट्रॉनांचे दोन तट पडलेले आढळले: बहुसंख्य अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे, आश्चर्य वाटावे इतके थंड, आणि थोडे पुष्कळ उष्ण. रामसाउअर यांनी 1921 मध्ये दाखविल्याप्रमाणे मंद इलेक्ट्रॉनांना आर्गॉनचा अणू जवळजवळ पारदर्शक असतो. त्यामुळे थंड गटाला टकरी नाहीत, म्हणून ओहमीय कमाई नाही, आणि आतील क्षीण क्षेत्रात अडकून पडल्यामुळे आवरणाच्या सीमेपर्यंत पोहोचण्याचे बळही नाही. आर्गॉनचे आयनीभवन करण्यास लागणारे 15.76 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ते मूठभर उष्ण इलेक्ट्रॉनच पुरवितात. दाब वाढविताच थंड गट झपाट्याने तापला. एक तापनरीती जाऊन दुसरी आल्याची एवढी स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते.

तथापि सरकत्या भिंतीच्या कल्पनेत एक उणीव आहे. घनता सर्वत्र सारखी मानली तर आतील सारे इलेक्ट्रॉन सीमेच्याच वेगाने हेलकावत असतात. मग सापेक्ष वेग शून्य आणि लाभही शून्य. प्रत्यक्षात अग्राकडे घनता घटत जाते व सीमा आतील प्रवाहापेक्षा वेगाने सरकते, यावरच लाभाची भिस्त आहे. माइल्स टर्नर यांनी 1995 मध्ये ‘भिंत’ बाजूला सारून इलेक्ट्रॉनवायूचे आकुंचन-प्रसरण, म्हणजे त्याचा दाब, हेच तापनाचे कारण ठरविले; आकुंचनाच्या वेळची उष्णता प्रसरणापूर्वी अन्यत्र वाहून जाते, म्हणून जमाखर्च जुळत नाही आणि शिल्लक उरते. ही दोन मते परस्परविरोधी नाहीत, असे 2014 साली लाफ्लर, शाबेर, टर्नर व बूथ यांनी दाखविले. तेव्हा आपल्या महाविद्यालयांतून हा विषय शिकविणाऱ्यांनी केवळ भिंत आणि चेंडू सांगून थांबू नये. घनतेचा उतार आणि इलेक्ट्रॉनांचा दाब यांचे गणितही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे.