विजेपासून बचाव : आसरा कोठे घ्यावा?

यवतमाळ जिल्ह्यात मृगाच्या पेरणीच्या वेळी आणि पुन्हा परतीच्या पावसात विजांचा कडकडाट होतो. सर आली की शेतकरी व मजूर धुऱ्यावरील मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली धाव घेतात. तेथे पाऊस चुकतो, परंतु जिवाचा धोका वाढतो. झाडावर पडलेली वीज बुंध्याजवळच्या माणसावर झेपावते आणि मुळांवाटे ओल्या जमिनीतही पसरते. जागलीची मचाणही सुरक्षित नव्हे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. ध्वनी ३ सेकंदांत सुमारे १ किलोमीटर जातो. हे अंतर ३० सेकंदांहून कमी भरल्यास काम थांबवून पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी आणि अखेरच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. बैल झाडाला बांधू नयेत. जवळ आसरा नसल्यास एकमेकांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये. मोबाइलवरील ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देते. ती पाहूनच शेतात जाणे इष्ट होय.

वीज लागलेल्या माणसास स्पर्श केल्याने धक्का बसत नाही. त्याचा श्वास थांबला असल्यास तत्काळ छातीदाब व कृत्रिम श्वास द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.