नकाशा मोठा की प्रमाण मोठे?



आमच्या सातवीच्या वर्गात दोन नकाशे टांगलेले आहेत. एक भारताचा. तो चांगला ऐसपैस, उंचीला जवळजवळ एक मीटर. दुसरा जळगाव जिल्ह्याचा. तो जेमतेम दीड वीत रुंद. एके दिवशी भूगोलाच्या तासाला गुरुजींनी विचारले, "यातला मोठ्या प्रमाणाचा नकाशा कोणता?"

आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "भारताचा!"

गुरुजी हसले. सगळ्या वर्गाचे उत्तर चुकले होते. मोठ्या प्रमाणाचा नकाशा जिल्ह्याचा होता. हे कसे, ते आम्हांला कळायला दोन तास लागले. तुम्हांला तितका वेळ लागू नये म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रमाण म्हणजे काय?

नकाशावरचे अंतर आणि जमिनीवरचे खरे अंतर यांचा जो हिशेब ठरलेला असतो, त्याला नकाशाचे प्रमाण म्हणतात. ते तीन तऱ्हांनी लिहितात. "१ सेंटिमीटरला ५ किलोमीटर" असे लिहिले तर ते शब्दप्रमाण. "१:५,००,०००" असे लिहिले तर ते अंकप्रमाण. म्हणजे नकाशावर १ सेंटिमीटर, तर जमिनीवर ५ लाख सेंटिमीटर. एका किलोमीटरात १ लाख सेंटिमीटर असतात, म्हणून ५ लाखांचे ५ किलोमीटर झाले. तिसरे रेषाप्रमाण. नकाशाच्या खाली पट्टीसारखी रेघ काढून तिच्यावर किलोमीटर लिहिलेले असतात, ते हे.

या तिघांत रेषाप्रमाणाचा एक मोठा गुण आहे. नकाशाची झेरॉक्स मोठी किंवा लहान करून काढली, तर छापलेले शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण दोन्ही खोटे ठरतात. कारण कागद बदलला, पण आकडा तोच राहिला. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच वाढते आणि नकाशाबरोबरच आखडते, म्हणून ते खरेच राहते. मोबाईलवरच्या नकाशाच्या कोपऱ्यातही अशीच लहानशी रेघ दिसते. बोटांनी नकाशा मोठा केला की तिच्यावरचा आकडा बदलतो. घरी गेल्यावर जरूर पाहा.

भाकरीचा दाखला

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारताच्या नकाशाचे प्रमाण होते १:४०,००,०००. जिल्ह्याच्या नकाशाचे १:५,००,०००. आम्ही म्हणालो, "चाळीस लाख मोठे की पाच लाख? चाळीस लाख!" इथेच आमची फसगत झाली.

गुरुजींनी फळ्यावर भाकरी काढली. म्हणाले, "एका भाकरीचे दोन वाटेकरी असले तर वाटा मोठा, की आठ असले तर मोठा?" हे तर बालवाडीतले पोरही सांगेल. दोन वाटेकरी असले तर वाटा मोठा. प्रमाणाचेही तसेच आहे. १:५,००,००० म्हणजे जमिनीचा पाच लाखावा भाग. १:४०,००,००० म्हणजे चाळीस लाखावा भाग. पाच लाखावा भाग हा चाळीस लाखाव्या भागाच्या आठपट मोठा. म्हणून जिल्ह्याचा नकाशा मोठ्या प्रमाणाचा.

मग आम्ही पट्टी लावून पाहिले. वरणगाव ते भुसावळ सरळ रेषेत सुमारे साडेबारा किलोमीटर. जिल्ह्याच्या नकाशावर ते अडीच सेंटिमीटर भरते. भारताच्या नकाशावर तेवढेच अंतर फक्त तीन मिलिमीटर. भुसावळच्या ठिपक्यालाच आपले गाव चिकटणार! भारताचा कागद मोठा होता, पण त्यात आपल्या गावाचा वाटा लहान होता.

घोटाळ्याचे आणखी एक कारण आहे. बोलताना आपण म्हणतो, "आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर केळी होते." म्हणजे पुष्कळ क्षेत्रात होते. त्यामुळे वाटते, की मोठ्या प्रमाणाचा नकाशा म्हणजे पुष्कळ प्रदेश दाखवणारा. पण एकाच मापाचे दोन कागद घेतले तर उलटच घडते. मोठ्या प्रमाणाचा नकाशा थोडी जमीन दाखवतो, पण तपशील भरपूर देतो. लहान प्रमाणाचा पुष्कळ जमीन दाखवतो, पण तपशील गाळतो. पुस्तकात यांना बृहत् प्रमाण आणि लघु प्रमाण अशी नावे आहेत.

पेन्सिलीची रेघ आणि आमचा बांध

त्याच आठवड्यात घरी एक गोष्ट घडली. आमच्या वावराला लागून एका काकांचे वावर आहे. मधल्या बांधावरून दोन वर्षे कुरबूर चालली होती. तीन-चार फुटांचा प्रश्न. पण आबा आणि ते काका यांचे बोलणे बंद झाले होते. पोळ्यालासुद्धा एकमेकांच्या घरी गेले नाहीत. मला वाटले, आपण नकाशा शिकलो आहोत, आपणच हा तंटा मिटवू. मी जिल्ह्याचा नकाशा वहीत उतरवून घरी नेला.

आबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "मले दाखव बरं, यात आपलं वावर कुठी हाये?"

मला दाखवता येईना. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, "तुझ्या पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे असे धर, आणि हिशेब कर." मी केला तो असा:

१:४०,००,००० च्या नकाशावर ती रेघ जमिनीवर २ किलोमीटर रुंद.
१:५,००,००० वर २५० मीटर.
१:५०,००० वर २५ मीटर.
१:१,००० वर अर्धा मीटर.

आमचे वावर दोन एकरांचे. त्याची एक बाजू नव्वद मीटरच्या आसपास. म्हणजे मी आणलेल्या नकाशावर माझ्या एका रेघेखाली आमचे वावर, काकांचे वावर आणि मधला बांध, सगळे गडप झाले होते! त्या नकाशाने बांध शोधणे म्हणजे धान्याच्या तागडीने सोने तोलण्यासारखे.

गावनकाशाची गोष्ट

मग आबांनीच मला एक गोष्ट शिकवली. त्यांना जुनी साखळी ठाऊक होती. एक साखळी म्हणजे ३३ फूट. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपल्याकडच्या जुन्या गावनकाशांत १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असे प्रमाण आढळते. अंकांत मांडले तर १:७,९२०. त्यात एक गंमत आहे. अशा नकाशावर एक चौरस इंचात बरोबर १० एकर जमीन बसते. ६६० ला ६६० ने गुणा आणि एकराच्या ४३,५६० चौरस फुटांनी भागा, पडताळा येईल.

गावनकाशावर आमचे वावर दिसते, शेजारचे दिसते, नाला दिसतो, गाडीवाट दिसते. पण अर्ध्या मिलिमीटरची रेघ तिथेही सुमारे १३ फूट होते. आमचा तंटा तर तीन-चार फुटांचा! म्हणून बांधासाठी गावनकाशाही पुरत नाही. त्यासाठी जमिनीवरच मोजणी करावी लागते, मापे आकड्यांत लिहावी लागतात आणि खुणा मातीत रोवाव्या लागतात.

शेवटी आबांनी आणि काकांनी मिळून मोजणीचा अर्ज दिला. भूकरमापक यंत्र घेऊन आले. दोघांच्या समोर मोजणी झाली. एका टोकाला काकांची चूक निघाली, दुसऱ्या टोकाला आमची. आबांनी आमच्याकडचा दोन फूट बांध स्वतः सरकवला. त्या संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर चहाला बसले होते.

मोजणीची पूर्वी लोकांना भीती वाटे, असे गुरुजींनी सांगितले. १८५२ साली इंग्रज सरकारने खानदेशात जमीनमोजणी सुरू केली, तेव्हा सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागातल्या शेतकऱ्यांनी तिला जोराचा विरोध केला होता. मोजणी झाली की शेतसारा वाढेल, असे त्यांना वाटत होते. नकाशा कोणाच्या हातात आहे, यालाही महत्त्व असते. आज तो आपल्याला वाचता आला पाहिजे.

मग लहान प्रमाण निरुपयोगी का?

मुळीच नाही. आपली तापी नदी घ्या. ती मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. लांबी ७२४ किलोमीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे १:५०,००० प्रमाणाचे असतात. त्यांत विहिरी, देवळे, पायवाटासुद्धा दाखवतात. पण त्या प्रमाणात सगळी तापी सरळ ताणून काढायची म्हटली तर कागद साडेचौदा मीटर लांब लागेल. तो आपल्या वर्गात मावणार नाही! तीच तापी भारताच्या नकाशात १८ सेंटिमीटरची होते. नदी कुठून कुठे जाते, पूर्णा तिला चांगदेवजवळ येऊन मिळते, हतनूरचे धरण त्या संगमाच्या खाली का बांधले, हे एका नजरेत पाहायचे तर लहान प्रमाणच बरे. पण धरणाच्या पाण्याखाली कोणाचे वावर जाणार हे ठरवायचे असेल, तर मोठ्या प्रमाणाचा नकाशा हवा.

हा सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासूनचा आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ एक सरळ पायारेषा मोजून भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली. मोजत मोजत ते आपल्या महाराष्ट्रातल्या हिंगणघाटपर्यंत आले आणि १८२३ साली तिथेच वारले. त्यांचे काम पुढे चालू राहिले. आज आपण जो नकाशा पाच मिनिटांत उतरवतो, त्याच्या एका एका रेघेमागे अशा माणसांची पायपीट आहे.

लक्षात ठेवा

प्रमाणातला दुसरा आकडा लहान, तर प्रमाण मोठे. आकडा मोठा, तर प्रमाण लहान. प्रमाण दुप्पट केले तर लांबी दुप्पट होते, पण कागदावरची जागा चौपट लागते. आणि कोणताही नकाशा हातात घेतला की आधी प्रमाण पाहा, मग गाव शोधा.

करून पाहा

१. तुमची वर्गखोली ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. १:५० प्रमाणाने ती वहीत काढा. किती सेंटिमीटर येतील?

२. १:५०,००० च्या नकाशावर दोन गावांत ८ सेंटिमीटर अंतर आहे. खरे अंतर किती?

३. १:१०,००० आणि १:१,००,००० यांपैकी कोणत्या नकाशात शाळेची इमारत दाखवता येईल?

उत्तरे: १. १२ सेंमी. व १० सेंमी. २. ४ किलोमीटर. ३. १:१०,०००.

पालकांनी उत्तरे न पाहता सोडवून बघावे. आमच्या आबांची तिन्ही बरोबर आली.

— इयत्ता सातवी