दुष्फेन पाण्यातील घरगुती मत्स्यालय : झरी जामणी परिसराच्या अनुषंगाने

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातील झरी जामणी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते व तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा लागतो. या भूप्रदेशात पैनगंगा गटातील अतिप्राचीन चुनखडक अनेक ठिकाणी उघडा पडलेला असून मुकुटबनच्या परिसरात तो सिमेंटासाठी खणला जातो. अशा खडकातून झिरपणारे भूजल कॅल्शियमची व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे बरोबर घेऊन येते, म्हणजेच ते दुष्फेन असते. साबणाला फेस न येणे, पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर बसणे, डाळ शिजण्यास विलंब लागणे या रूपांनी गृहिणीस या रसायनशास्त्राची ओळख पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी झालेली असते. घरात काचपेटी मांडून तीत मासे पाळू इच्छिणाऱ्या नवशिक्यास मात्र ती ओळख बहुधा पहिल्या आठवड्यातील मृत माशांच्या रूपाने होते.

या मृत्यूंचे खापर सामान्यतः माशांच्या जातीवर, दुकानदारावर किंवा नशिबावर फोडले जाते. वस्तुतः त्यांचे कारण पाण्याच्या दोन गुणधर्मांच्या परस्परसंबंधात सापडते. ते दोन गुणधर्म म्हणजे पाण्यात साचणारा अमोनिया आणि पाण्याचे पीएच मूल्य.

मासे आपल्या शरीरातील नत्रयुक्त उत्सर्ग मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. न खाल्लेले अन्न व विष्ठा कुजूनही अमोनियाच निर्माण होतो. नदीत तो विरळ होऊन वाहून जातो. पन्नास लिटरांच्या पेटीत त्यास जाण्यास वाट नसते. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन हे त्याचे रूप माशास फारसे अपायकारक नाही. आयनीभवन न झालेला मुक्त अमोनिया मात्र कल्ल्यांच्या पातळ पटलातून सहज आत शिरतो व विषासारखे कार्य करतो. या दोन रूपांचे प्रमाण पीएच मूल्यावर व तापमानावर अवलंबून असते. २८ अंश सेल्सियस तापमानास पीएच मूल्य ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.७ टक्का भाग मुक्त असतो. पीएच ८ असताना तो सुमारे ६.५ टक्के होतो आणि ८.५ असताना १८ टक्क्यांच्या घरात जातो. युरोपातील अंतर्देशीय मत्स्यतज्ज्ञांनी मुक्त अमोनियाची सुरक्षित मर्यादा लिटरास सुमारे ०.०२५ मिलिग्रॅम इतकी धरलेली आहे. तेव्हा लिटरास १ मिलिग्रॅम एकूण अमोनिया असलेले उदासीन पाणी माशास सहन होते. परंतु तितकाच अमोनिया पीएच ८ असलेल्या पाण्यात या मर्यादेच्या अडीचपटींवर जातो. सुफेन पाण्याच्या प्रदेशात जी हयगय खपून जाते, ती चुनखडकाच्या प्रदेशात खपत नाही, याचे मर्म हे आहे.

येथे एक फसगत संभवते. हातपंपातून नुकत्याच काढलेल्या पाण्याचे पीएच मूल्य मोजल्यास ते अनेकदा ७ ते ७.५ इतकेच भरते व परीक्षक निश्चिंत होतो. भूगर्भातील पाण्यात पुष्कळ कार्बन डायॉक्साइड विरघळलेला असतो व त्यामुळे हे मूल्य खाली राहते. पाणी उघड्या भांड्यात राहिले अथवा त्यातून हवेचे बुडबुडे सोडले, की तो वायू निघून जातो आणि पीएच ८ च्या वर चढते. यास्तव मोजमाप करावयाचे ते २४ तास हवा लागलेल्या पाण्याचे. असे पाणी ठेवून देण्याचा आणखीही एक लाभ आहे. भूजलात प्राणवायू अल्प असतो, तो या काळात भरून येतो. आणि विहिरीत किंवा टाकीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असल्यास क्लोरीनही बव्हंशी उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटाचे काही स्फटिक क्लोरीनचा निरास तत्काळ करतात. छायाचित्रकार हाच पदार्थ ‘हायपो’ या नावाने वापरीत असत.

अमोनियाचे निवारण करणारे खरे साधन म्हणजे पेटीतील जीवाणू. हे ज्ञान मत्स्यालयापेक्षा वयाने लहान आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली सोनमासे, गोगलगायी व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकाच पेटीत ठेवून प्राणी व वनस्पती यांचा समतोल साधल्याचे प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. त्या समतोलाचे श्रेय वनस्पतींनी सोडलेल्या प्राणवायूस देण्यात आले होते. पुढे १८९० मध्ये विनोग्राड्स्की याने नायट्रीकरण करणारे जीवाणू वेगळे काढून दाखविले. तेव्हा कळून आले, की जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो व दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच आहे. ते रक्तातील हीमोग्लोबिनाची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पती ते शोषून घेतात व उरलेले पाणी बदलताना निघून जाते. नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही दोन नावे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ प्रचलित होती. १९९८ च्या सुमारास मत्स्यालयांच्या गाळण्यांत नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असे आढळले, आणि २०१५ मध्ये त्याच कुलातील काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची संपूर्ण क्रिया एकटेच पार पाडतात हेही सिद्ध झाले. ज्याला हौस म्हणून हिणविले जाते त्या छंदातील गाळणीने सूक्ष्मजीवशास्त्रास असे साहित्य पुरवावे, ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

हे जीवाणू बाटलीतून ओतल्याने येतीलच असे नाही. ते वाळूच्या खड्यांवर व गाळणीच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात. यासाठी पेटीत पाणी भरून, गाळणी सुरू करून, मासे न सोडता रोज चिमूटभर मत्स्यान्न टाकीत राहावे. काही दिवसांनी अमोनिया वाढतो, नंतर तो उतरून नायट्राइट वाढते, आणि अखेरीस दोन्ही शून्यावर येऊन केवळ नायट्रेट उरते. या क्रमास साधारणतः तीन ते सहा आठवडे लागतात. विदर्भातील उष्ण हवामानात तो काहीसा लवकर पुरा होतो. एखाद्या जुन्या, निरोगी मत्स्यालयातील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास हा काळ पुष्कळच कमी होतो. रिकाम्या पेटीकडे महिनाभर पाहत बसणे घरातील मुलांस रुचत नाही हे खरे; तथापि या महिन्यावरच पुढील सर्व वर्षे अवलंबून असतात.

चुनखडकाच्या पाण्याची दुसरी बाजू येथे प्रकट होते. नायट्रीकरणाच्या क्रियेत आम्ल निर्माण होते. १ ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाइतकी क्षारता खर्ची पडते. सुफेन पाण्यात ही शिल्लक लवकर संपते, पीएच एकाएकी घसरते आणि जीवाणूंचे कार्य थंडावते. बायकार्बोनेटाने समृद्ध असलेल्या पाण्यात हे संकट सहसा उद्भवत नाही. ज्या पाण्यात पहिल्या महिन्यात मासा ठेवणे सर्वांत धोक्याचे, तेच पाणी जीवाणूंची वस्ती स्थिरावल्यानंतर सर्वांत भरवशाचे ठरते. पीएच उतरविण्याची बाजारी द्रव्ये अशा पाण्यात ओतणे मात्र व्यर्थ होय. क्षारता त्या आम्लास गिळून टाकते व पीएच पुन्हा मूळ पदावर येते. या चढउतारांत माशाचेच हाल होतात.

प्रत्यक्ष मांडणीविषयी थोडक्यात सांगता येईल. काचेचा गोल वाडगा दिसण्यास मोहक असला तरी मासा पाळण्यास तो अयोग्य आहे. त्यात पाणी थोडे व हवेस लागणारा पृष्ठभाग त्याहून थोडा. नवशिक्यास ६० सेंमी. लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी सोयीची. तिचे घनफळ ५४ लिटर भरते; काठ व खडी वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी मावते. काच, खडी व पाणी मिळून वजन ६० ते ७० किलोग्रॅमपर्यंत जात असल्याने टेबल भक्कम व समतल हवे आणि पेटीखाली थर्माकोलचा पातळ तक्ता असावा. प्रथम एक दिवस पाणी भरून गळती तपासावी.

खडीबाबत या तालुक्यात विशेष दक्षता हवी. नदीनाल्यांतून आणलेल्या खड्यांत काळ्या बेसाल्टाबरोबर चुनखडकाचे व कंकराचे तुकडे मिसळलेले असतात. ते पाण्याची दुष्फेनता आणखी वाढवितात. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच जो खडा फसफसतो तो वगळावा. घरी लिंबाचा रस अथवा व्हिनेगार चालेल, मात्र फेस मंद येत असल्याने खडा नीट न्याहाळावा लागतो. शंखशिंपले व संगमरवराचे तुकडे शोभेसाठी टाकण्याची रीतही याच कारणाने टाळावी.

वनस्पतींच्या बाबतीत निसर्ग अनुकूल आहे. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या तळ्यांत व संथ प्रवाहांत आढळणाऱ्या वनस्पती कार्बन डायॉक्साइड अपुरा पडल्यास बायकार्बोनेटातील कार्बन वापरू शकतात. भर उन्हात त्यांच्या पानांवर चुन्याचे खरखरीत पुट चढते ते यामुळेच. वॉरिंग्टनने निवडलेली वनस्पती या पाण्यात सुखाने वाढावी हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर चतुराच्या अळ्या येतात व त्या लहान मासे फस्त करतात. तेव्हा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणात वनस्पती दहा मिनिटे बुडवून, धुऊन मगच लावाव्यात.

मासे निवडताना पाण्याला माशाजोगे करण्याऐवजी पाण्याजोगा मासा घ्यावा. निऑन टेट्रा किंवा डिस्कस हे अ‍ॅमेझॉनच्या सुफेन, आम्लधर्मी पाण्यातील मासे येथे मनास कितीही भावले तरी दुकानातच राहू द्यावेत. गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल ही जरायुज मंडळी दुष्फेन पाण्यातच खुलतात. गप्पी तर ग्रामीण महाराष्ट्रास परका नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते तो हौदांत व साठ्यांत सोडत आले आहे. झेब्रा डॅनिओ हा दक्षिण आशियातील मूळचा मासाही काटक आहे. ४५ लिटरांत अशा लहान माशांची संख्या आरंभी पाचसहा पुरे. गप्पी आपली संख्या स्वतःच वाढवितो.

मासे यवतमाळ किंवा नागपूरहून आणावयाचे तर प्रवास काही तासांचा होतो. बंद पिशवीत माशाच्या श्वसनाने कार्बन डायॉक्साइड साठतो, पीएच उतरते आणि साठलेला अमोनिया बव्हंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडून तीत घरचे दुष्फेन पाणी थोडे थोडे मिसळीत बसण्याची जी पद्धत सरसकट सांगितली जाते, ती अशा प्रवासानंतर घातक ठरते. पीएच वर चढताच तोच अमोनिया विषारी बनतो. पंधरावीस मिनिटे बंद पिशवी पेटीत तरंगू देऊन तापमान समान करावे, नंतर ती उघडून जाळीने मासे लगेच पेटीत घ्यावेत व पिशवीतील पाणी फेकून द्यावे.

देखभालीत आठवड्यास पंचमांश ते चतुर्थांश पाणी बदलणे, दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालणे आणि गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळणे इतके पुरते. क्लोरीनयुक्त पाण्यात स्पंज धुणे म्हणजे महिनाभर जोपासलेली वस्ती एका क्षणात उठविणे होय.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांस पाण्यात लिटरास सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांस ७ च्या आतच. उलट माशाची व जीवाणूंची प्राणवायूची गरज तापमानाबरोबर वाढत जाते. त्यातच वीज गेली की गाळणी थांबते. घरातील आतल्या भिंतीची जागा, पृष्ठभागावरून फिरणारा पंखा आणि विजेरीवर चालणारा लहान हवापंप हे उपाय खर्चाच्या मानाने फार गुणकारी आहेत. पंख्याने बाष्पीभवन वाढते व पाणी थंड राहते, पण क्षार मागे उरतात. समजा, रोज एक लिटर पाणी उडाले व त्याची भरपाई लिटरास ४०० मिलिग्रॅम दुष्फेनता असलेल्या पाण्याने केली, तर ३० दिवसांत १२ ग्रॅम क्षार पेटीत जमा होतात आणि ४५ लिटरांत दुष्फेनता २६० मिलिग्रॅमहून अधिक वाढते. यातील काही भाग काचेवर पांढऱ्या रेघेच्या रूपाने साका होऊन बसतो, उरलेला माशास सोसावा लागतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई उकळून, निववून, वरचे निवळ काढून घेतलेल्या पाण्याने करावी. उकळल्याने बायकार्बोनेटजन्य दुष्फेनता खाली बसते. पावसाळ्यात पहिल्या दोनतीन सरी सोडून पागोळ्यांचे पाणी झाकून साठविल्यास इंधनही वाचते. नेहमीच्या साप्ताहिक बदलासाठी मात्र घरचेच पाणी वापरावे. अन्यथा क्षारतेचा जो आधार आहे तोच नाहीसा होईल.

नकोसे झालेले किंवा वाढलेले मासे पैनगंगेत अथवा गावतळ्यात सोडू नयेत. हौसेखातर आणलेला दक्षिण अमेरिकेतील चिलखती ‘सकर’ मासा उजनी जलाशयात फोफावून मच्छीमारांची जाळी फाडू लागला आहे. गप्पीदेखील परदेशीच आहे आणि तोही स्थानिक माशांची अंडी व पिले खातो. अधिक झालेली पिले दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावीत, किंवा घराच्या बंदिस्त हौदात ठेवावीत.