गाडी कुठं आहे?

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळच्या एखाद्या वस्तीवर रात्री कुणाच्या छातीत कळ आली आणि घरच्यांनी रुग्णवाहिकेसाठी 108 लावला, तर तो फोन आटपाडीत वाजत नाही. तो उचलला जातो पुण्यात, औंधला. आटपाडी संस्थानी काळात औंधकडेच होती, पण ते औंध साताऱ्याचं. हे पुण्याचं औंध निराळं. इथे फोन घेणाऱ्यानं आमची माणगंगा नदी कधी पाहिलेली नसते, आणि गाडी पाठवायचं काम मात्र त्याच खोलीतून होतं.

हे जमतं ते ‘कॉम्प्युटर एडेड डिस्पॅच’मुळे, म्हणजे गाडी रवाना करण्याच्या कामात संगणकाला सोबतीला घेतल्यामुळे. महाराष्ट्रात 108 ची ही सेवा जानेवारी 2014 मध्ये सुरू झाली. तेव्हा गाड्या होत्या 937. त्यांतल्या 233 अत्यवस्थ रुग्णांसाठी व्हेंटिलेटरसारख्या साधनांनी सज्ज, बाकीच्या 704 प्राथमिक उपचारांच्या. सरकारनं ती चालवायला दिली बीव्हीजी इंडिया या कंपनीला. 

संगणकानं यात नवीन काय केलं, हे समजायला आमच्याकडचा वडापाचा, म्हणजे भाड्याच्या खासगी जीपांचा, स्टँड आठवावा. कुठली जीप दिघंचीला गेलीय, कुठली खरसुंडीहून भरून येतेय, कुणाचा टायर बसलाय, हे तिथल्या एका माणसाच्या डोक्यात असायचं. तो डिस्पॅचरच होता, आणि चांगला होता. अडचण एवढीच, की तो जेवायला गेला की नकाशाही जेवायला जायचा.

तो नकाशा आता पडद्यावर आला. फोन आला की नोंद होते आणि घड्याळ चालू होतं. जीपीएसमुळे गाड्या नकाशावर दिसतात. पण नुसतं ठिकाण कळून भागत नाही, गाडीची अवस्थाही कळावी लागते. सर्वांत जवळची गाडी पेशंट घेऊन मिरजेकडे निघालेली असेल, तर तिचं जवळ असणं कामाचं नाही. मोकळी कुठली, व्हेंटिलेटर कुठल्या गाडीत, हे जुळवून संगणक नाव सुचवतो. हुकूम माणूसच देतो. फोन कधी आला, गाडी कधी हलली, कधी पोचली, दवाखान्यात कधी टेकली, या वेळा मागे उरतात. माझ्या मते खरी कमाई ती. महिनाभराच्या वेळा समोर ठेवल्या की गाडी कुठल्या गावात उभी करावी, याचा वाद आवाजावर न चालता आकड्यांवर चालतो.

धंद्यालाही हेच गणित लागू पडतं. डाळिंबाचा माल भरून गेलेली गाडी रिकामी परतली, तर डिझेल मालकाच्या अंगावर पडतं. ती कुठं आहे आणि कधी मोकळी होणार हे वेळेत कळलं, तर परतीचं भाडं मिळू शकतं. दुष्काळात टँकरच्या खेपा वहीत जास्त आणि गावात कमी, ही तक्रार जुनी. सरकारनं टँकरला जीपीएस सक्तीचं केलं ते म्हणूनच. ऊसतोडीत पाळी कुणाची आणि गाडी कुणाच्या फडात, यावरून भांडणं होतात. तिथे संगणकातली लागवडीची तारीख पुष्कळांची तोंडं बंद करते. सगळ्यांची नाही.

एवढं कौतुक करताना लंडनची गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या अँब्युलन्स सेवेत कागदाच्या चिठ्ठ्या पट्ट्यावरून सरकत पुढे जायच्या. 26 ऑक्टोबर 1992 ला ती पद्धत मोडून सगळं संगणकावर नेलं. गाड्या कुठं आहेत याची माहिती अचूक येत राहील, हे यंत्रणेनं गृहीत धरलं होतं. ती आली नाही. संगणकाच्या लेखी गाडी एकीकडे, रस्त्यावर दुसरीकडे. एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, सूचनांचा ढीग साचला, यंत्रणा मंदावली. लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागल्यावर ती आणखी तुंबली. थोड्याच दिवसांत कर्मचारी पुन्हा कागदावर आले. वडापवाला निदान ‘ठाऊक नाही’ म्हणायचा. संगणक चुकीचं ठिकाणही ठामपणे दाखवतो.

आटपाडीत हा धोका वेगळ्या रूपात येतो. गाडीचा ठावठिकाणा उपग्रह सांगतो, पेशंटचा घाबरलेल्या माणसाला सांगावा लागतो. आमच्या माणदेशातली माणसं गावठाणात कमी, रानात वस्त्या करून जास्त. पत्ता असा येतो : ‘करगणीच्या पुढं या, कॅनॉल लागंल, कॅनॉलवरनं खाली उतरायचं, तिसरा मळा.’ टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून पत्त्यात ओढ्याऐवजी कॅनॉल आला, पण कॅनॉल लांबच लांब असतो आणि उतरायच्या वाटा अनेक. पुण्यातल्या माणसाला गाव सापडतं, तालुका सापडतो. तिसरा मळा कुणापासून तिसरा, ते सापडत नाही.

मग गाडी निघाल्यावर ड्रायव्हर स्वतः फोन लावतो आणि नकाशात नसलेली सोय करून घेतो : ‘फाट्यावर बॅटरी घेऊन कुणाला तरी उभं करा.’