काळी मिरी पळाली, हात मात्र तसेच!

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, एआय नाही, अप्रेझलचं रडगाणं पण नाही. आज बोलायचंय लहान मुलांच्या हात धुण्याबद्दल. थांबा, स्किप करू नका. तुम्हाला मुलं नसतील, मलाही नाहीत, पण भाचा-भाची, पुतण्या-पुतणी कुणीतरी असेलच ना.

झालं असं की पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या भाचीला जुलाब लागले. दोन दिवस सलाइन. इवल्याशा हाताला पट्टी, आणि मी बाजूच्या खुर्चीवर नुसता बसून. घरी आल्यावर ताईने साहजिकच धसका घेतला. "हात धुतले नाहीस तर किडे पोटात जातील," हे दिवसातून दहा वेळा. परिणाम? पोरगी हात धुवायला लागली नाहीच, उलट तिने नीट जेवणं सोडलं. भातात किडे शोधायची. फोडणीतली मोहरी दिसली तरी ताट ढकलून द्यायची.

ताईचं घाबरणं खोटं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात पाच वर्षांखालची साधारण ४ लाख ४० हजार मुलं दरवर्षी जुलाबाने दगावतात. आणि पाळणाघरं, बालवाड्यांत हात धुण्याची सवय लावली तर जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यात दिसलंय. म्हणजे उपाय साधा आहे. पण चार वर्षांच्या मुलाला तो पटवायचा कसा? जंतू तर दिसत नाहीत!

आणि न दिसणारी गोष्ट मोठ्यांना तरी कुठे पटते? १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींच्या वॉर्डात हात धुणं सक्तीचं केलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी त्या काळच्या कितीतरी डॉक्टरांनी ते मानलं नाही. डॉक्टरांची ही कथा, मग भाचीला काय दोष देणार?

तर मग मी काय केलं? यूट्यूब उघडलं. तिथे तो फेमस प्रयोग आहे बघा. ताटलीत पाणी, वर काळ्या मिरीची पूड, ती म्हणजे जंतू. बोटाला लिक्विड साबण लावून मधोमध टेकवायचं की मिरी सटकन कडेला पळते. भाची जाम खूश. पाच वेळा करायला लावलं. संध्याकाळी जेवायच्या आधी ती बेसिनपाशी गेली, एका बोटाला साबण टेकवला, "पळाले!" म्हणाली आणि सरळ ताटावर येऊन बसली.

मी कपाळावर हात मारला. पण तिचं लॉजिक चुकलं नव्हतं, आमचा डेमो चुकीचा होता. मिरी पळते ती पृष्ठताणामुळे. साबणाने मधल्या पाण्याचा ताण कमी होतो, कडेचं पाणी ओढून घेतं आणि त्याबरोबर पूड सरकते. जंतू साबणाला घाबरून पळत नाहीत हो. ते हातावरच्या तेलकट थरात चिकटून बसतात. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि चोळल्यावर तो थर सुटून पाण्याबरोबर जातो. म्हणजे खरं काम चोळण्याचं, आणि नेमकं तेच त्या खेळात नाही.

दुसरा प्रयत्न. हाताला गोडेतेल चोळायचं आणि वर हळद. आता नुसत्या पाण्याने धू म्हटलं. पिवळं जाईना. "आता साबण लाव." तिने वडी घासली आणि एकदम किंचाळली, "मामा, रक्त!" हात लालसर झालेले. हळद अल्कलीत लाल होते आणि आपली साबणाची वडी अल्कलीच. हे मी शाळेत शिकलोय मंडळी, बीटेकच्या आधीच! पण ऐनवेळी आठवेल तर शपथ. तिला शांत करायला अर्धा तास आणि एक आइस्क्रीम गेलं.

मग हळदीऐवजी धणेपूड घेतली. तेल आणि चिमूटभर धणेपूड, हा आमचा फायनल व्हर्जन. (तिखट चुकूनही घेऊ नका, डोळ्यात गेलं तर खेळ संपला.) नुसत्या पाण्याने पूड हटत नाही, साबण लावून चोळली की जाते, आणि जिथे चोळलं नाही तिथे राहते. बोटांच्या बेचक्यात, नखांपाशी आणि हमखास अंगठ्यावर. यातूनच पुढचा खेळ निघाला. अंगठा म्हणजे आजोबा, करंगळी म्हणजे बाळ, मधली सगळी घरची मंडळी. प्रत्येकाची अंघोळ झाली पाहिजे. "आजोबांची राहिली!" असं तीच ओरडते. सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत आरामात २० सेकंद होतात. घड्याळ लावायची गरज नाही.

भातुकलीतही तेच घुसवलं. बाहुली जेवायच्या आधी आणि 'शी'ला जाऊन आल्यावर हात धुणार, आणि धुवायला भाची शिकवणार. ती दुसऱ्याला शिकवते तेव्हा आपल्याला कळतं की तिला काय समजलंय. बाहुली खोकली की कोपरात, हेही आपोआप झालं. किड्यांची भीती हळूहळू गेली. भात खायला लागली.

एवढं होऊनही ती एकटी असताना हात धुवायची नाही. का? हा बग शोधायला मला आठवडा लागला. तिचा हात नळापर्यंत पोचतच नव्हता! दर वेळी कुणाला तरी हाक मारायची, ते मोबाइलमधून उठेपर्यंत हिचा उत्साह संपलेला. आणि साबणाची नवी वडी तिच्या मुठीत मावायची नाही, सटकून खाली. मग बेसिनसमोर एक बुटकं स्टूल ठेवलं, खाली रबरी मॅट, आणि वडी सुरीने अर्धी कापली. इतकंच. सगळ्या खेळांपेक्षा जास्त फरक याने पडला, हे कबूल करतो.

तुमच्या गावच्या अंगणवाडीत नळच नसेल तर 'टिपी टॅप' करून बघा. १९८०च्या दशकात झिम्बाब्वेत डॉ. जिम वॅट यांनी हे डिझाइन केलं. पाच लिटरचा कॅन, त्याला वरच्या बाजूला एक भोक, दोन खांबांच्या मधल्या आडव्या काठीवर टांगायचा. कॅनच्या तोंडाला दोरी, दोरीचं दुसरं टोक जमिनीवरच्या काठीला. काठीवर पाय दिला की कॅन वाकतो, पाणी पडतं. शेजारी साबण दोरीला लटकवायचा. पाणी अगदी थोडं लागतं, घाण हाताने काहीच पकडावं लागत नाही, आणि पाय दाबून पाणी पाडायला पोरं रांग लावतात. फक्त रोज कॅन कोण भरणार हे आधी ठरवा, नाहीतर चार दिवसांत तो नुसता लोंबकळत राहतो.

तुमच्या घरी काय युक्ती चालली, व्हॉइस नोट पाठवा. आणि हळदीचा रंग कपड्यावरून काढायचा उपाय असेल तर तोही पाठवा, माझा पांढरा टीशर्ट अजून तसाच आहे. चला, भेटू पुढच्या एपिसोडला.