बोकडाचा उन्हाळा आषाढात

आषाढ लागलाय, सांगोल्याच्या माळावर हिरवळ आलीय. तुकतुकीत काळा उस्मानाबादी बोकड वरचा ओठ उचलून वास घेत शेळ्यांमागे धावतोय. शेळी भरवली जाते आणि 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते. ‘उलटली’ म्हणतात आणि दोष तिच्याच माथी मारतात. घोळ कदाचित मे महिन्यातच झालेला असतो, तोही बोकडाच्या अंगात.

बोकडाच्या वृषणात शुक्राणू घडायला साधारण 48 दिवस लागतात. पुढे वृषणाला चिकटलेल्या नागमोडी नळीत पक्व व्हायला दहा-बारा दिवस. म्हणजे आजच्या वीर्याची सुरुवात दोन महिन्यांपूर्वीची. आणि तेव्हा सोलापुरात पारा चाळिशीपार होता!

बोकडाचं अंग 39 अंशांच्या आसपास, वृषणांना मात्र त्याहून चार-पाच अंश कमी हवेत. त्यासाठीची सोय पाहून थक्क व्हायला होतं. वृषणाकडे जाणारी धमनी सरळ न जाता वेटोळी घेत जाते, भोवती परतीच्या शिरांचं जाळं. गार होऊन परतणारं रक्त खाली निघालेल्या रक्तातली उष्णता वाटेतच काढून घेतं. उकाड्यात वृषणांची पिशवी सैल लोंबते, थंडीत आक्रसून पोटाला भिडते. पण हवाच अंगापेक्षा तापली की भिस्त उरते ती नुसत्या घामावर. तेवढ्यानं भागलं नाही, तर अर्धवट घडलेले शुक्राणू सर्वांत आधी बिघडतात.

युरोपात माजाची सूत्रं उजेडाच्या हाती. शरदात दिवस आखडले की तिथले बोकड माजावर येतात. सोलापुरात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम दोन तासांचा. त्यामुळे इथं ऊन आणि चाऱ्याचाच वरचष्मा.

बोकडाचा तो उग्र दर्पही फसवा. त्याच्या डोक्यावरच्या केसांतला एक वायुरूप रेणू शेळीच्या मेंदूतल्या प्रजननाच्या केंद्राला चाळवतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये दाखवलं. पण वीर्य कसं आहे, याची खबर त्या वासात नसते. पाऊस पडला, चारा मिळाला की जोश परततो. उन्हात बिघडलेली खेप मात्र संपेपर्यंत येतच राहते.

जुलैत भरलेली शेळी डिसेंबरात विते. तेव्हा त्या करडांची काळजी मे महिन्यातच घ्यायची: दुपारी बोकड लिंबाच्या सावलीत, पाणी भरपूर, शेळ्या भरवायच्या त्या पहाटे किंवा सांजेला. आणि लागोपाठ शेळ्या उलटू लागल्या, तर त्यांना बाजार दाखवण्याआधी बोकडाचं वीर्य पशुवैद्यकाकडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावं.