नाव नवं ठेवा, अक्षरं सरळ ठेवा

जून उजाडला की औसा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीचे प्रवेश सुरू होतात आणि प्रवेशाचं जाडजूड रजिस्टर माझ्या टेबलावर येतं. त्याची जुनी पानं मन्मथ, शिवलिंग, ज्ञानोबा, विठाबाई या नावांनी भरली आहेत. पुढे बालाजी, संतोष, अनिता येतात. मग ओम आणि वैष्णवी. आताच्या पानांवर रियांश, विहान, कियारा, अन्वी. नावं बदलली म्हणून कपाळाला हात लावणारा मी गुरुजी नाही. माझं भांडण आहे ते स्पेलिंगशी.

एक तरुण बाप लेकराचे कागद घेऊन आला. जन्म प्रमाणपत्रावर रियांश ‘आर-आय’ने सुरू होत होता, आधार कार्डावर ‘आर-ई’ने, आणि मराठीत कुणीतरी ‘रेयांश’ लिहिलेलं. मी विचारलं, “यातलं खरं कोणतं?” तो म्हणाला, “गुरुजी, तिन्ही त्याचंच हाय. पर शेवटाला दोन एस पायजेत. अंक जुळतोय म्हणं.” दोन एस मात्र एकाही कागदावर नव्हते.

हसून सोडून द्यावं असं हे नाही. शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर लेकराची माहिती भरताना नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावं लागतं. नाव जुळलं नाही की नोंद अडकते. आमच्या शाळांची संचमान्यता, म्हणजे किती पोरांमागे किती शिक्षक हा हिशेब, आता आधारशी जुळलेल्या पटावर बघितला जातो. एका जादा अक्षराचा भार असा थेट शाळेवर येतो.

हा नाद लागला कुठून? लातूरकरांना लांब जायला नको. आपल्या बाभळगावच्या रितेश देशमुखांच्या इंग्रजी नावात ‘ई’नंतर एक जादा ‘आय’ आहे. त्यांच्या एका मुलाच्या रियान या नावात दोन ‘ए’ आहेत, दुसऱ्याच्या राहिलमध्ये ‘वाय’. अजय देवगणने तर आडनावातला ‘ए’च काढून टाकला. नटाचं नाव पोस्टरवर वाचून लोकांना पाठ होतं, ते कुणी चुकवत नाही. आपल्या लेकराचं नाव मात्र सेतू केंद्रात गर्दीच्या वेळी कुणीतरी घाईत टाइप करणार असतं.

आई-बापांची बाजूही मी रोज ऐकतो. एका वर्गात चार वैष्णवी असल्या की हाक मारली तर चौघी उठतात. वेगळं नाव हवंसं वाटणारच. दुसरं कारण त्याहून खोल आहे. आमच्याकडे दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवायचे. मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून काही ठेवली गेली, तर काही नावं गरिबाच्या पदरात गावाने टाकली. साताऱ्यात 2011 साली ‘नकुशी’ नावाच्या 280 हून अधिक मुलींचं जाहीर समारंभात नव्यानं बारसं करावं लागलं होतं. ज्याच्या आजाला कचरू म्हणून हाक मारली गेली, त्याने नातवाचं नाव आर्यन ठेवलं तर नाक मुरडायचा अधिकार कुणालाच नाही.

स्पेलिंगचा घोळही काही कालचा नाही. ज्ञानोबा आपण ‘डी-एन-वाय’ने लिहितो, हिंदीवाले ज्ञान ‘जी-वाय’ने लिहितात. ऋतुजा आपल्याकडे ‘आर-यू’, तिकडे ‘आर-आय’. पण त्यामागे आपल्या उच्चाराचा नियम आहे, त्यामुळे मराठी माणूस ते न विचारता लिहितो. औशातल्या मुस्लिम घरांना मोहम्मदची निरनिराळी स्पेलिंग एकाच माणसाच्या कागदांवर कशी छळतात हे चांगलं ठाऊक आहे. जादा ‘ए’ आणि डबल ‘एस’ यांना उच्चारात आधार नाही. ते सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाहीत.

चुकीच्या अक्षराची किंमत मराठवाड्याने नुकतीच पाहिली. निजामाच्या राज्यातली इथली बरीच दफ्तरं उर्दूत आहेत आणि उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पणजोबाचं नाव नेमकं कसं वाचायचं, यावर घराघरातल्या वंशावळी अडल्या. नाव आज हौसेनं ठेवलं जातं, पण ते शोधायची वेळ पन्नास-शंभर वर्षांनी येते.

काही देशांत सरकारच हात धरतं. स्वीडनमध्ये 1996 साली एका जोडप्याने मुलाचं नाव अक्षरं आणि आकडे मिळून 43 चिन्हांचं लिहून दिलं आणि उच्चार सांगितला ‘अल्बिन’. कोर्टाने ते नामंजूर केलं. आइसलँडमध्ये नव्या नावांना मंजुरी देणारी समितीच आहे. आपल्याकडे नावांची अशी सरकारी यादी नाही, आणि नसावीच. म्हणून शहाणपण घरातच हवं.

बारशाला पाळण्याजवळ आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. त्याआधी घरातल्यांनी ते नाव एका कागदावर देवनागरीत आणि इंग्रजीत लिहून पक्कं करा. अंकशास्त्रवाल्याला विचारायचंच असेल तर तेव्हाच विचारा, आधार काढल्यावर नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव सुचलं नसेल तर ते 12 महिन्यांपर्यंत बिनशुल्क भरता येतं आणि पुढे विलंब शुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. म्हणजे घाई नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच लागतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्यात आईचं नावही लिहायचं आहे, म्हणजे चुकायला चार शब्द झाले. तेव्हा प्रमाणपत्र हातात पडलं की खिडकीसमोरच उभं राहून एकेक अक्षर वाचा, आणि पुढे आधारापासून शाळेपर्यंत तीच अक्षरं चालवा. नाव रियांश ठेवा की ज्ञानोबा, मी रजिस्टरात आनंदाने लिहीन. फक्त ते एकाच रीतीने लिहायला सांगा.